गच्चीचे वॉटरप्रूफिंग, रंग, सोलर हीटर: वॉरंटीचा दावा आणि ग्राहक आयोगातील तक्रार

नाशिकमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची कामे उन्हाळ्यात उरकली जातात आणि त्यांची खरी परीक्षा जुलैच्या झडीत होते. छताला ओल दिसली की कपाटातल्या वॉरंटी कार्डाची शोधाशोध सुरू होते. परंतु दावा टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा काम सुरू झाले त्याच दिवशी ठरून गेलेले असते.

गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार, असा समज बाजारात रूढ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये अशी फोड केलेली नाही. कार्डावर कोणताही शब्द छापलेला असो, त्याखाली काय देण्याचे कबूल केले आहे हे वाचावे. दहा वर्षांची वॉरंटी असे ठळक अक्षरांत लिहिलेले असले, तरी भरपाईची रक्कम दरवर्षी कमी होत जाईल अशी अट बारीक अक्षरांत असू शकते. रंग आणि वॉटरप्रूफिंगच्या बाबतीत तर पुष्कळदा वॉरंटी केवळ मालाची असते, मजुरीची नसते. शिवाय कंपनीने सांगितलेला प्रायमर आणि सांगितलेले थर दिलेच पाहिजेत, अशी अट असते. अशा वेळी कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार मालाकडे, आणि घरमालक मधल्या मध्ये अडकतो. त्यावरचा साधा उपाय म्हणजे मालाची वॉरंटी कोणाची व किती वर्षांची, कामाची जबाबदारी कोणाची व किती वर्षांची, हे ठेकेदाराकडून कोटेशनवरच लिहून आणि सही करून घेणे. ओळखीच्या मिस्त्रीकडे असा कागद मागताना संकोच वाटतो खरा, परंतु तोंडी शब्द पुढे सिद्ध करणे फार अवघड जाते.

जपून ठेवावयाच्या कागदांत पहिला मान पक्क्या बिलाचा. जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर माल घेणाऱ्याचा खरेदीचा पुरावाच लंगडा होतो. दुकानातील लहान यंत्रातून निघणाऱ्या बिलाची अक्षरे काही महिन्यांत उडतात (माझ्या स्वतःच्या गिझरचे बिल दुसऱ्या वर्षी कोरा कागद झाले होते), म्हणून त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी. रंगाच्या बादलीवरील बॅच क्रमांक, टाइल्सच्या खोक्यावरील लॉट क्रमांक, सोलर हीटरचा सिरियल क्रमांक यांचे फोटो बादल्या-खोकी भंगारात जाण्यापूर्वीच घ्यावेत. आयएसआय चिन्ह असलेल्या मालावर परवाना क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळून पाहता येतो. टाइल्सचा रंग किंवा आकार जुळत नसेल, तर बसवण्यापूर्वीच माल परत करावा, कारण बसवलेल्या टाइल्सची अशी तक्रार विक्रेते सहसा मानत नाहीत.

दोष आढळल्यावर कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा आणि तपासणीस आलेल्या माणसाकडून अहवालाची प्रत मागावी. दाद मिळाली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र तेथे समझोत्याचा प्रयत्न होतो, आदेश मिळत नाही. त्यानंतर कंपनी, विक्रेता आणि ठेकेदार या तिघांनाही स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची लेखी नोटीस पाठवून पावती जपून ठेवणे हिताचे ठरते.

आदेश हवा असेल, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागते. मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारी व्यक्ती तक्रार करू शकते. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने घेणाऱ्याला हा मार्ग सामान्यतः खुला नाही. कंपनीचे कार्यालय परराज्यात असले, तरी तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, ही 2019 च्या कायद्यातील मोठी सोय आहे. त्यामुळे सिडको, सातपूर किंवा पंचवटीतील रहिवाशाला नाशिकच्याच आयोगाकडे दाद मागता येते. जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख रुपये आहे आणि ती मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावरून मोजली जाते. हा मोबदला 5 लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. त्यापुढे 10 लाखांपर्यंत 200, 20 लाखांपर्यंत 400 आणि 50 लाखांपर्यंत 1000 रुपये शुल्क आहे.

तक्रारीसोबत घटनांचा तारीखवार तक्ता, प्रतिज्ञापत्र, बिल, वॉरंटी कार्ड, कोटेशन, पैसे दिल्याचा पुरावा, दोषाचे फोटो, नोटीस व पोस्टाची पावती, तसेच ओळख व पत्त्याचा पुरावा जोडावा. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरूनही दाखल करता येते, आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कंपनीशी नुसता पत्रव्यवहार करत राहिल्याने ती वाढत नाही. उशिराचे सबळ कारण पटवून दिल्यास आयोग तो माफ करू शकतो, परंतु त्या भरवशावर राहू नये.

मालाचा दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल, तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. म्हणून सोललेल्या थराचे तुकडे फेकू नयेत, आणि दुसऱ्या मिस्त्रीकडून काम करून घेण्याआधी मूळ स्थितीचे चित्रीकरण करावे. निकालासाठी कायद्याने तीन महिन्यांचा, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांचा कालावधी सांगितला आहे. प्रत्यक्षात अधिक वेळ धरून चालावे. आयोग दोष दूर करण्याचा, माल बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा आणि भरपाईचाही आदेश देऊ शकतो. त्याविरुद्ध 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. रक्कम देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला मात्र अपिलासाठी तिची निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. आदेश पाळला नाही, तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा 25 हजारांपासून 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.