चाल आधी, शब्द मग: खान्देशातल्या चालींची पार्श्वभूमी

हार्मोनियमच्या वर्गात 'मला स्वतःची चाल बांधायची आहे' असं एखाद्या मुलीने म्हटलं, की बहुतेक वेळा तिला आधी राग शिकायला सांगतात. रागाची ओळख हवीच. पण खान्देशात चाली बांधल्या गेल्या त्या या क्रमाने नाही. इथे चाल आधीपासून असायची आणि तिच्यात नवे शब्द बसवले जायचे. शिकणं तिथूनच सुरू व्हायचं.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका घ्या. झाडाला बांधलेला दोर साधारण दहा फुटांचा असेल, तर झोका जाऊन परत यायला सुमारे साडेतीन सेकंद लागतात. वर कोण बसलंय याने त्यात फारसा फरक पडत नाही. तो वेळ दोराची लांबी ठरवते. दोर निम्मा केला तरी वेळ निम्मा होत नाही, अडीच सेकंदांच्या आसपास येतो. एका येरझाऱ्यात आठ मात्रांची, म्हणजे तालाच्या आठ ठोक्यांची, ओळ म्हटली, तर प्रत्येक मात्रेला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ मिळतो. म्हणजे लय झोकाच धरून ठेवतो, गाणारीला ती मोजावी लागत नाही. जात्याचंही तसंच: खुंटा ओढताना जोर लागतो, त्या जागी ओळीतला वजनदार शब्द येतो. श्रावणात कानबाई या देवीच्या उत्सवाच्या रात्री घरभर माणसं एकत्र गातात, तेव्हा कुणी पट्टी, म्हणजे कुठल्या सुराला 'सा' धरायचं ते, ठरवून देत नाही. म्हणून त्या चाली चार-पाच सुरांतच फिरतात. त्या गरीब आहेत म्हणून नव्हे, तर कुणालाही कुठल्याही पट्टीत उचलता याव्यात म्हणून.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) याच परंपरेतल्या. त्यांच्या अनेक ओव्यांचा चरण आठ अक्षरांचा आहे. १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, पण पुस्तकात शब्दच येऊ शकतात, गळा येत नाही. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी त्यांतल्या काही रचनांना चाली दिल्या आणि त्या घरोघर पोचल्या. इथे एक बारीक गोष्ट शिकवताना नेहमी सांगायला हवी. बहिणाबाईंच्या बोलीत 'मिळते' हे 'मियते' होतं. 'ळ' म्हणताना जीभ उलटून टाळूला लागते आणि सूर क्षणभर अडतो. 'य' वरून तो घसरत पुढे जातो. प्रमाण मराठीत 'दुरुस्त' करून गाणारा बोली तर बदलतोच, चालीतला तो घसराही मोडतो.

दुसरा प्रवाह नाटकाचा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं, 'सौभद्र' १८८२ चं. त्या काळच्या संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याचे शब्द दिलेले दिसतात. साकी, दिंडी या ठरलेल्या चालीच्या छंदांना तर नुसतं नावच पुरायचं. म्हणजे लोकांच्या कानात असलेल्या चालीवर नवं पद बांधणं ही नाटककाराची रोजची रीत होती. १९११ च्या 'मानापमान'पर्यंत येताना मात्र चाली देणारे म्हणून गोविंदराव टेंबे यांचं नाव वेगळं घेतलं जाऊ लागलं. मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्येच पोचली होती. त्यामुळे या मार्गावरच्या गावांना नाटक मंडळ्या दूर राहिल्या नाहीत.

मग स्वरलेखन आलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. विष्णु नारायण भातखंड्यांनी बंदिशी, म्हणजे रागातली बांधीव गाणी, लिहून छापल्या, स्वतः 'चतुर' या नावाने रागाची लक्षणं सांगणारी लक्षणगीतं रचली. मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली टिंब, तारसप्तकाला (वरच्या सप्तकाला) वर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, लांबवलेल्या अक्षरापुढे अवग्रह (ऽ): या खुणांनी चाल कागदावर टिकली, आणि तालुक्याच्या गावातही गाण्याचे वर्ग चालवता आले. हे मोठंच काम होतं. पण परीक्षांचा भर तयार बंदिश पाठ करून गाण्यावर राहिला आणि शब्द बसवण्याचा सराव मागे पडला. तोच आज परत आणावा लागतो.

त्यासाठी आठ अक्षरांची एक ओळ पुरते: 'केळीबनी आला वारा'. केरवा या आठ मात्रांच्या तालात प्रत्येक अक्षराला एक मात्रा, आठांत आठ, अडचण नाही. आता हीच ओळ दादरा तालात घाला. सहा मात्रांची दोन आवर्तनं म्हणजे बारा मात्रा, अक्षरं आठ. चार अक्षरं दोन-दोन मात्रांची करावी लागतात. नवखा विद्यार्थी पहिलंच अक्षर लांबवतो: के दोन, ळी एक, ब दोन, नी एक. तिथेच ओळ बिघडते, कारण ऱ्हस्व 'ब' ताणला की 'बानी' ऐकू येतं. उलट करा: के एक, ळी दोन, ब एक, नी दोन; आ एक, ला दोन, वा एक, रा दोन. आता ताण दीर्घ अक्षरांवरच पडतो आणि 'ब' चौथ्या मात्रेवर, म्हणजे कालावर (तालातल्या टाळी नसलेल्या जागी), हलका येतो. दुसऱ्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'आला'च्या 'आ'वर पडते.

ऱ्हस्व-दीर्घाची ही चूक कधी अर्थच फिरवते. 'दिन' ताणला की 'दीन', 'सुत' ताणला की 'सूत'. चाल कितीही गोड असली तरी असं झालं, की ती शब्दांची राहत नाही.

हे सगळं पेटी न उघडता, हाताने ताल देत करायचं. पेटीवर बोटं ठेवून चाल शोधली की ती पट्ट्यांच्या पायऱ्यांनी चढते-उतरते आणि दोन सुरांमधली मींड, म्हणजे न तुटता सरकत जाणं, सुटते. आधी गुणगुणावं, चाल तीन वेळा तशीच्या तशी परत म्हणता आली की मगच पेटीवर सूर शोधून लिहावी. मुलांच्या समूहासाठी बांधताना मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे मधल्या 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंतच राहावं. त्याच्या वर गेलं की मागच्या रांगेतली निम्मी मुलं ओरडतात, उरलेली गप्प होतात.