सर्व्हर रूममधला गारवा जातो कुठे?

एखाद्या बँकेच्या, महाविद्यालयाच्या किंवा मध्यम आकाराच्या कारखान्याच्या सर्व्हर रूमचे दार उघडले की बहुधा अंगावर काटा यावा असा गारठा जाणवतो. भिंतीवरचा एसी १८ अंशांवर लावलेला असतो, आणि तरीही रॅकच्या सर्वांत वरच्या कप्प्यातला सर्व्हर तापमानाचा इशारा देत असतो. मग दुसरा एसी बसवला जातो, विजेचे बिल वाढते आणि इशारा काही काळापुरता थांबतो.

सर्व्हरला मिळणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेतच बदलते, त्यामुळे १० किलोवॉट वीज घेणारा रॅक हा १० किलोवॉटचा हीटरच असतो. सर्व्हर समोरून हवा ओढतो आणि तापलेली हवा मागून बाहेर टाकतो. या प्रवासात हवा १२ अंशांनी तापते असे धरले, तर अशा एका रॅकला दर सेकंदाला सुमारे ०.७ घनमीटर हवा लागते. सर्व्हरच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते त्याच्या तोंडाशी येणाऱ्या या हवेचे तापमान. बाकीची खोली किती थंड आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘अ‍ॅश्रे’ या अमेरिकी संस्थेने २००४ मध्ये या हवेसाठी २० ते २५ अंशांची शिफारस केली होती आणि २००८ मध्ये ती १८ ते २७ अंशांपर्यंत रुंदावली. आपल्याकडच्या कित्येक खोल्या मात्र अजून खालच्या टोकालाच चिकटून आहेत.

वरचा सर्व्हर तापतो, कारण रॅकमागची गरम हवा रॅकच्या माथ्यावरून आणि रिकाम्या कप्प्यांमधून वळून पुन्हा समोर येते आणि तो आपलीच उच्छ्वासाची हवा परत आत घेतो. त्याच वेळी एसीची थंड हवा कोणत्याही सर्व्हरमधून न जाता तशीच एसीकडे परतत असते. म्हणजे उणीव थंडाव्याची नसते. थंड आणि गरम हवा एकमेकींत मिसळतात, हे खरे दुखणे असते. रॅकच्या रांगा समोरासमोर आणि पाठीला पाठ लावून मांडल्या की थंड आणि गरम अशा वेगळ्या गल्ल्या तयार होतात. या मांडणीचे श्रेय आयबीएममधील रॉबर्ट सलिव्हन यांना दिले जाते आणि १९९० च्या दशकापासून ती रूढ आहे. पण गल्ल्या केल्या तरी फटी उरतात. रिकाम्या कप्प्यांवर ब्लँकिंग पॅनेल, म्हणजे साधी प्लास्टिकची झाकणपट्टी, बसवणे, केबलसाठी उंचावलेल्या फरशीत पाडलेली भोके बुजवणे आणि गल्लीला दार व छत लावणे ही कामे कोणाला फारशी भूषणावह वाटत नाहीत. माझ्या मते मात्र नव्या चिलरची, म्हणजे खोली गार करणारे पाणी थंड करून देणाऱ्या यंत्राची, किंमत विचारण्याआधी तीच पुरी करावीत.

त्यामागे पंख्याचे एक गणित आहे. पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. निम्मी थंड हवा वाया जात असेल, तर सर्व्हरची गरज भागवण्यासाठी दुप्पट हवा ढकलावी लागते आणि तेच पंखे दुप्पट वेगाने फिरवायचे झाल्यास आठपट वीज लागते. उलट, गळती बुजवून वेग ८० टक्क्यांवर आणला की पंख्याची वीज जवळपास निम्मी होते; अर्थात पंखा कमी-जास्त वेगाने चालवता येणारा असला पाहिजे. हवेचे मिसळणे थांबल्यावर वरच्या कप्प्यासमोर तापमापी ठेवून तापमान एकेक अंशाने वाढवत न्यावे. चिलरमधील पाणी एका अंशाने कमी थंड केले तर चिलरची साधारण २ ते ३ टक्के वीज वाचते. फार वर गेल्यास मात्र सर्व्हरचे स्वतःचे पंखे जोरात फिरू लागतात आणि वाचवलेली वीज तिकडे जाते.

थंड प्रदेशात बाहेरची हवाच कामी येते. स्वीडनमधील लुलेओ येथे फेसबुकने २०१३ मध्ये अशाच भरवशावर डेटा सेंटर सुरू केले. भारतातील सुमारे निम्मी डेटा सेंटर क्षमता मात्र मुंबई आणि नवी मुंबई परिसरात आहे, कारण समुद्राखालच्या अनेक आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापीही २५ अंशांच्या वरच राहतो, आणि कूलिंग टॉवर, म्हणजे बाष्पीभवनाने पाणी गार करणारा मनोरा, पाण्याला त्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. त्यातून पाण्याचाही प्रश्न येतो. १ मेगावॉट उष्णता निव्वळ बाष्पीभवनाने काढायची तर तासाला सुमारे १,५०० लिटर पाणी उडून जाते. विजेची बचत पाण्याच्या खात्यावर तर टाकली जात नाही ना, हे इथे तपासायलाच हवे.

हे सारे मोजण्याचे रूढ परिमाण म्हणजे पीयूई, अर्थात केंद्राला लागणारी एकूण वीज भागिले संगणकीय उपकरणांना लागणारी वीज. ते जितके १ च्या जवळ, तितके चांगले. गूगलच्या केंद्रांची सरासरी १.१ च्या आसपास आहे, तर डेटा सेंटरचा अभ्यास करणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटच्या सर्वेक्षणांतील जागतिक सरासरी काही वर्षे १.६ च्या आगेमागे अडकून पडली आहे. या आकड्यात एक खोच आहे. सर्व्हरच्या आतले पंखे उपकरणांच्या खात्यात मोजले जात असल्यामुळे ते जोरात फिरू लागले की वीज वाढूनही पीयूई सुधारल्यासारखा दिसतो. शिवाय सर्व्हर काही उपयोगी काम करतो की नाही, हे पीयूईला कळतच नाही. गूगलमधील लुइझ बारोसो आणि उर्स होल्झले यांनी २००७ मध्ये दाखवून दिले होते की सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के क्षमतेनेच राबतात आणि रिकामे बसलेले असतानाही कमाल विजेच्या जवळपास निम्मी वीज खातात. नवी यंत्रे या बाबतीत सुधारली आहेत. पण बंद पडलेल्या प्रकल्पाचा सर्व्हर कोणी बंद करायचा, हा प्रश्न अनेक कार्यालयांत वर्षानुवर्षे लोंबकळत असतो.

समजा, एका खोलीत सर्व्हरना १०० किलोवॉट आणि थंडावा, यूपीएस वगैरेंना ६० किलोवॉट लागतात, पीयूई १.६. बिनकामाचे सर्व्हर शोधून बंद केले आणि उरलेली कामे व्हर्च्युअलायझेशनने, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवून, कमी यंत्रांवर आणली, की सर्व्हरची गरज ७० किलोवॉटवर येते. यूपीएसचा आणि पंख्यांचा काही खर्च भारानुसार घटत नसल्यामुळे दुसरा आकडा ५० वरच थांबतो. एकूण वीज १६० वरून १२० किलोवॉटवर येते, म्हणजे चौथाई बिल वाचते. आणि वार्षिक अहवालात छापायचा पीयूई मात्र १.६ वरून १.७१ वर गेलेला असतो.