कमी हप्ता म्हणजे कमी खर्च?

अमेरिकेतल्या आपल्या ज्येष्ठांमध्ये दर शरदात फिरणारा सल्ला: "मेडिकेअरचा (म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) सर्वांत कमी हप्त्याचा औषध-प्लॅन घ्या, खर्च आपोआप कमी होतो." हप्ता डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे हे पटणं साहजिक आहे.

महागड्या औषधाचा हिशेब मात्र वेगळा चालतो. २०२६ मधलं, महिन्याला ४,००० डॉलरचं औषध धरू. प्रमाणित प्लॅनमध्ये आधी ६१५ डॉलर डिडक्टिबल (प्लॅन पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम), मग उरलेल्या ३,३८५ चे २५ टक्के, म्हणजे साधारण ८४६. जानेवारीतच १,४६१ गेले. फेब्रुवारीत आणखी ६३९ भरले की खिशातून भरायच्या औषध-खर्चाची २,१०० ची वार्षिक मर्यादा गाठली. पुढे डिसेंबरपर्यंत शून्य.

खरी मेख प्लॅन कोणती औषधं देतो त्या यादीत आहे. औषध प्लॅनच्या यादीत नसेल आणि प्लॅनकडे मागितलेला अपवाद मंजूर झाला नाही, तर पूर्ण किंमत खिशातून जाते आणि ती मर्यादेत मोजलीही जात नाही. (हप्ताही मोजत नाहीत.) दवाखान्यात शिरेतून दिलेलं औषध बहुधा पार्ट बी मध्ये (मेडिकेअरच्या डॉक्टर-दवाखाना खर्चाच्या भागात) जातं, तिथे ही मर्यादा नाही.

मेडिकेअरच्या संकेतस्थळावर प्लॅन शोधताना औषधाचं नाव, डोस आणि नेहमीचं दुकान भरा. हप्ता आणि औषधं मिळून वर्षाचा अंदाजे खर्च दिसतो. तुलना त्या आकड्याची करा. प्लॅन बदलायची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. जुना प्लॅन ठीक वाटत असला तरी यादी पुन्हा बघा, ती दरवर्षी बदलू शकते.