मागचा बॅज बघून गाडी ओळखता येते का?

बरेच दिवस फिरणारा फॉरवर्ड आहे की बीएमडब्ल्यूच्या डिकीवरचा आकडा म्हणजे इंजिनचा साईज (३३० मधले ३० म्हणजे ३ लिटर) आणि 'एम' दिसला की ती एम३च, म्हणजे त्यांची खास वेगवान गाडी. पूर्वी आकडा बऱ्यापैकी जुळायचा, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे, पण आताच्या ३३०आय मध्ये ३ लिटर नाही तर १९९८ सीसीचं इंजिन असतं, आणि एम स्पोर्ट पॅकेज (स्पोर्टी लुकचं पॅकेज) घेतलेल्या साध्या गाडीलाही बाजूला 'एम' कंपनीकडूनच येतो. शिवाय बॅज नुसता चिकटवलेला असतो, ऑनलाईन कोणीही मागवतो. सेकंडहँड घेताना आरसीवर सीसी बघा, सहा सिलेंडरची एम३ असेल तर ३००० च्या आसपास दिसेल, मग चेसिस नंबर टाकून मूळ मॉडेल कुठलं ते सर्व्हिस सेंटरला विचारा.