आधी चौकशी, मग पोलीस? असा क्रम कायद्यात नाही

शिक्षकाने लैंगिक गैरवर्तन केल्याची तक्रार एखाद्या विद्यार्थ्याकडून आली की अनेक शाळांत एकच उत्तर मिळते: "आधी आम्ही आमच्या पातळीवर चौकशी करतो, तथ्य आढळले तर पोलिसांकडे जाऊ." हे उत्तर समंजस वाटते, पालकांनाही पटते आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. शाळेची खातेनिहाय चौकशी आणि पोलिसांना द्यावयाची माहिती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली पूर्ण झाल्याशिवाय दुसरी करायची नाही, असे कोणत्याही कायद्यात म्हटलेले नाही.

खातेनिहाय चौकशीबद्दल फार सांगण्याची गरज नाही, कारण शाळेशी संबंध असलेल्या बहुतेकांना ती ठाऊक असते. महाराष्ट्रातील खाजगी शाळांसाठी 1977 चा सेवाशर्ती अधिनियम आणि 1981 ची नियमावली आहे. तीत निलंबन आहे, आरोपपत्र आहे, कायम कर्मचाऱ्यासाठी तीन सदस्यांची चौकशी समिती आहे आणि निर्णय मान्य नसल्यास शाळा न्यायाधिकरणाचा मार्ग आहे. या व्यवस्थेसमोरचा प्रश्न एवढाच असतो की ही व्यक्ती सेवेत राहण्यास पात्र आहे का. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मनाई केली आहे, आणि तिचा भंग झाल्यास सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. अशा तक्रारींत शाळेने स्वतः चौकशी करणे योग्यच आहे, मात्र दुखापत गंभीर असेल तर पोलिसांचा मार्ग तिथेही खुला असतो.

लैंगिक गैरवर्तनाची तक्रार आली की चित्र पूर्ण बदलते. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा, 2012 याच्या कलम 19 नुसार, असा गुन्हा घडला असल्याचे ज्याला कळले आहे किंवा तो घडण्याची शक्यता आहे अशी ज्याला धास्ती वाटते, त्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना माहिती दिलीच पाहिजे. या कलमात गुन्हा सिद्ध होण्याची अट नाही. शाळेच्या समितीने आधी खातरजमा करावी, संस्थेच्या अध्यक्षांची परवानगी घ्यावी किंवा पालकांच्या लेखी तक्रारीची वाट पाहावी, यातले काहीही तिथे लिहिलेले नाही. माहिती न देणाऱ्याला कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीबाबतची माहिती दडवली तर कारावासाची मर्यादा एक वर्षापर्यंत जाते आणि दंडही होतो. मुख्याध्यापकांनी हे कलम नियुक्तीच्या दिवशीच वाचलेले असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

"पण खात्री नसताना एखाद्याचे आयुष्य उद्ध्वस्त करायचे का?" हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. माहिती देणे म्हणजे दोषी ठरवणे नव्हे. खरे-खोटे शोधणे हे तपास यंत्रणेचे काम आहे आणि त्याचा निवाडा विशेष न्यायालय करते. शाळेकडे ना ते कौशल्य आहे, ना तटस्थता, कारण आरोपी तिचाच कर्मचारी असतो आणि पणाला लागलेले नाव तिचेच असते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही कलम 19 मध्येच सांगितले आहे. खोट्या तक्रारीसाठी कलम 22 मध्ये शिक्षा आहे, पण ती अपमान, खंडणी, धमकी किंवा बदनामी याच हेतूने तक्रार करणाऱ्यासाठी; मुलाने खोटी माहिती दिली तरी त्याला शिक्षा होत नाही.

शाळेच्या "प्राथमिक चौकशीत" होणारी सर्वांत मोठी हानी मात्र वेगळीच आहे. मुलाला वर्गशिक्षक विचारतात, मग मुख्याध्यापक, मग संस्थाचालक, आणि शेवटी त्या शिक्षकालाच समोर बसवून "आता सांग" असे म्हटले जाते. कलम 24 नुसार मुलाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यायचा असतो आणि तपासात मूल कोणत्याही प्रकारे आरोपीच्या संपर्कात येणार नाही याची काळजी घ्यायची असते. जे पोलिसांनाही वर्ज्य आहे ते शाळेच्या कार्यालयात सर्रास घडते, याची मला अतिशय चीड येते. मुलाने सांगितलेले त्याच्याच शब्दांत एकदा लिहून ठेवावे आणि पुढचे प्रश्न विचारू नयेत. तक्रार महिला कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या अंतर्गत समितीकडे पाठवून मोकळे होणे हेही चूक आहे, कारण त्यामुळे पोलिसांना कळवण्याचे कर्तव्य पार पडत नाही.

"समेट" हा प्रकारही असाच. राजस्थानातील एका शिक्षकाविरुद्धचा गुन्हा, विद्यार्थिनीच्या वडिलांशी तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. त्यामुळे माफीनामा लिहून घेऊन प्रकरण मिटवले, असे सांगणाऱ्या शाळेने काहीच मिटवलेले नसते.

पोलिसांना माहिती दिली म्हणून शाळेचे स्वतःचे काम थांबत नाही. त्या शिक्षकाला त्याच दिवशी मुलांपासून दूर ठेवावे, नियमांनुसार निलंबनाचा निर्णय घ्यावा आणि तपासात अडथळा येणार नाही अशा बेताने खातेनिहाय चौकशी सुरू करावी. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, तर खातेनिहाय चौकशीत संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पाहिले जाते. त्यामुळे पुराव्याअभावी न्यायालयातून सुटलेला शिक्षक आपोआप वर्गावर परत येतो असे नाही, आणि "न्यायालयाचा निकाल लागू द्या" हे चौकशी वर्षानुवर्षे लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही.