कॅनाबिनॉइड ग्राही आणि अल्झायमर रोग

कॅनाबिनॉइड ग्राही किंवा रिसेप्टर ही पेशीपटलात बसलेली प्रथिने आहेत. गांजातला टीएचसी हा घटक त्यांनाच जाऊन चिकटतो. एरवी मेंदू स्वतः तयार करतो ते ॲनंडामाइड आणि २-एजी हे रेणू त्यांना चालवतात. माणसात त्यांचे दोन मुख्य प्रकार: सीबी१ (जनुक १९९० मध्ये सापडले) आणि सीबी२ (१९९३). अल्झायमर झालेल्या मेंदूत या दोघांचे वागणे सारखे राहत नाही.

सीबी१ असतो चेतापेशींवर, त्यातही संदेश सोडणाऱ्या टोकाला. संदेश घेणारी पेशी फार चेतवली गेली की २-एजी उलट दिशेने सोडते, आणि ते सीबी१ला लागले की पलीकडची पेशी संदेश सोडताना हात आखडता घेते. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूच्या भागात सीबी१ दाट असतो. गांजाच्या नशेत आत्ताच बोललेले ध्यानात राहत नाही, ते यामुळे. सीबी२ मात्र मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींचा. निरोगी मेंदूत तो जेमतेम आढळतो. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी चवताळल्या की त्यांच्यावर तो वाढतो.

आलोईस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेल्या रोगाच्या दोन खुणा आजही तपासल्या जातात: पेशींबाहेर साचलेले बीटा-ॲमिलॉइडचे प्लाक आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते. माद्रिदच्या संशोधकांनी २००३ मध्ये मृत रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसचे आणि त्याला लागून असलेल्या भागाचे काप रंगवून पाहिले. मधोमध प्लाक, त्याला बिलगलेल्या मायक्रोग्लियांवर सीबी२ची गडद छटा, आणि भोवतालच्या ॲस्ट्रोसाइट या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींत ॲनंडामाइड मोडणारे एफएएएच हे विकर भरपूर. दाह शमवणारा ग्राही वाढलेला आणि त्याला लागणारा रेणू नष्ट करणारे विकरही तिथेच वाढलेले! सीबी१ची वाटणी मात्र या कापांत फारशी बदललेली दिसली नाही. दोन वर्षांनी आलेल्या अभ्यासात मायक्रोग्लिया चवताळलेल्या जागी सीबी१ असलेल्या चेतापेशी कमी भरल्या. पुढे काहींना सीबी१ घटलेला आढळला, काहींना जसाच्या तसा. २०१४ मध्ये जिवंत रुग्णांच्या पेट स्कॅनमध्येही (जिवंत मेंदूतले ग्राही दाखवणारी तपासणी) फरक निघाला नाही.

सीबी२बाबत एकवाक्यता जास्त आहे, पण तीही पुरती नाही. पेशीसंवर्धनात तो उद्दीपित केला की मायक्रोग्लियांचे दाहकारक स्राव उतरतात आणि ॲमिलॉइड गिळण्याचे काम सुधारते. तरी अल्झायमरसारखा रोग घडवलेल्या, पण सीबी२ नसलेल्या उंदरांच्या एका वाणात प्लाक वाढले, तर दुसऱ्यात दाह उलट कमी झाला. जिवंत रुग्णांच्या २०१६च्या पेट स्कॅनमध्ये सीबी२ कमीच दिसला. मरणोत्तर कापात दिसते त्याचा अर्थ थेट उपचारापर्यंत ताणू नये, असे या सगळ्यावरून म्हणावे लागते. वाढलेला ग्राही हा रोगाचा कर्ता आहे, बचाव आहे की रोगाचा नुसता परिणाम, हे कापावरून कळत नाही.

या ग्राहींवर नागपुरातही काम झाले आहे, मात्र वेगळ्या अंगाने. अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरातल्या औषधनिर्माणशास्त्र विभागातून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पॅरासिटामॉलने उंदरांची चिंता कमी होते ती सीबी१मार्फत, असे दाखवले होते. घराघरात असणारी तापाची गोळी आणि गांजाचा ग्राही यांचा असा संबंध असेल, असे सहसा मनातही येत नाही. अल्झायमर हा त्या कामाचा विषय नव्हता. पण ग्राही बंद करून परिणाम नाहीसा होतो का ते पाहण्याची तिथली रीत इथेही उपयोगी पडते.

नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत विसराळू म्हाताऱ्यांना घेऊन येणारे नातेवाईक हल्ली मोबाइल पुढे करून विचारतात, ‘साहेब, मायले हे तेल देऊ का?’ बहुधा ते सीबीडी या गांजातल्याच दुसऱ्या घटकाचे तेल असते. सीबीडी या दोन्ही ग्राहींना फार कमी चिकटते, त्यामुळे वरच्या प्रयोगांचे श्रेय त्याला लावता येत नाही. शिवरात्रीच्या ठंडाईतली भांग हा तर वेगळाच मामला. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात चरस आणि गांजा येतात, नुसती पाने नाहीत, पण म्हणून ती औषध ठरत नाहीत.

माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. नेदरलँड्समध्ये २०१५ साली स्मृतिभ्रंशाच्या ५० रुग्णांना तीन आठवडे दिवसातून तीनदा १.५ मिलिग्रॅम टीएचसी दिले. वर्तनाच्या तक्रारींत नकली गोळीपेक्षा जास्त फायदा झाला नाही. कॅनडात २०१९ मध्ये नॅबिलोन या कृत्रिम औषधाने अल्झायमरच्या रुग्णांची चिडचिड उतरली, पण गुंगी वाढली. प्लाक किंवा टाऊ कमी होतात का, हा या चाचण्यांचा विषयच नव्हता. वृद्धांना गुंगीत पडून खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. शिवाय सीबीडीमुळे वॉरफॅरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढतो, म्हणून ती गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे तेल घेऊ नये.