मोठ्या कॅमची हौस आणि चोर्ल्याचा चढ

बेळगावात जुनी जिप्सी किंवा एस्टीम रॅलीसाठी उघडली की उद्यमबागेतल्या शेडात बोअरिंग, हेडचं काम उरकता उरकता विषय कॅमवर, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांच्या दांड्यावर, येतोच. "मोठा टाकायचा काय?" मोठा म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उचलणारा आणि जास्त वेळ उघडा ठेवणारा. हा जास्तीचा वेळ मुळात कुणाला आणि का लागला, ते कळल्याशिवाय निवड म्हणजे अंदाजपंचे.

कॅम इंजिनापेक्षा कितीतरी जुना. अल-जझारी या यंत्रकाराने 1206 साली वर्णन केलेल्या यंत्रांतही तो सापडतो. आपल्या भागातल्या शेतकऱ्याची त्याच्याशी गाठ पडली ती विहिरीवरच्या ऑइल इंजिनात. (लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलीचं दुकान काढलं ते बेळगावातच. कारखाना मात्र 1910 मध्ये किर्लोस्करवाडीला गेला. आपल्याकडे उरला किर्लोस्कर रोड.) पंपाचं इंजिन दिवसभर एकाच संथ चालीत फिरतं, आणि त्याचा कॅम तेवढ्या चालीपुरताच घडवलेला असतो.

शर्यतीच्या गाड्यांना वेग हवा होता. प्यूजोने 1912 साली हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावर, दोन कॅम आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले, आणि इंजिनाचे मिनिटाचे फेरे वाढवण्याची वाट मोकळी झाली. पण फेरे वाढले की व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा वेळ घटतो. उपाय असा: पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, उघडाच ठेवायचा. जोरात आत येणारी हवा आपल्याच वेगाने आणखी थोडी शिरते. संथ चालीत हवेला तो जोर नसतो, मग वर येणारा पिस्टन भरलेला माल उलट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांत, ढकलतो. वरचं पिकअप खालचं विकून घ्यावं लागतं ते यामुळे.

मोठ्या कॅमला बाजारात आणलं अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी. कॅलिफोर्नियात एड विनफिल्ड 1920च्या दशकातच कॅम घासून देत होते, पुढे एड इस्केंडेरियन यांनी त्याचा धंदा केला. युक्ती सोपी आहे: लोबचं, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याचं, टोक तसंच ठेवून पाठीमागचा गोल घासला की लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उचल, वाढते. फाउंड्रीवाल्यांच्या गावात सांगायला नको, पण चिल्ड कास्टिंगचा, म्हणजे ओतताना झटकन थंड केलेल्या लोखंडाचा, कडक थर मर्यादित असतो. तो ओलांडून घासलं तर लोब काही दिवसांत सपाट.

आपल्याकडे पद्मिनी आणि अँबेसेडर पुशरॉडवाल्या, म्हणजे कॅम खाली आणि व्हॉल्व्ह काठ्यांनी हलणारे. 1983 साली मारुती 800 आली ती हेडवरचा कॅम आणि टायमिंग बेल्ट घेऊनच. व्हॉल्व्ह कव्हर काढलं की कॅम डोळ्यांसमोर, त्यामुळे प्रयोगांना हात शिवशिवू लागले. होंडाने 1989 साली व्हीटेक या आपल्या व्हॉल्व्ह-यंत्रणेत संथ चालीला एक लोब आणि वेगाला दुसरा अशी सोय केली. एकाच कॅमने दोन्ही साधत नाही, याची ही कारखान्याकडूनच मिळालेली कबुली समजा.

आता आपला रस्ता बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, म्हणजे हवा आधीच काहीशी विरळ. त्यात इनटेक उशिरा मिटणारा कॅम घातला आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेची दाबणी, वाढवलं नाही, तर गोव्यातल्या साखळीकडून चोर्ल्याचा घाट चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार फेऱ्यांवर, गाडी कंपनीच्या कॅमपेक्षाही मंद वाटेल. रोज फिरवायच्या गाडीला मी मूळ कॅमहून एकच पायरी वरचा घेईन. ट्रॅकची गोष्ट वेगळी.

डिग्रीचे आकडेही जपून वाचावेत. जाहिरातीत छापलेलं ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा डिग्रीतला काळ, प्रत्येक जण आपल्या सोयीने मोजतो. तुलना करायची तर 1.27 मिलिमीटर लिफ्टवर मोजलेला आकडा मागावा. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा वेगळ्या तपासाव्यात; व्हॉल्व्हचं पिस्टनशी राहणारं अंतर तपासायला मात्र प्लॅस्टिसिनचा एक गोळा पुरतो. आणि मोठ्या कॅमने आयडलिंगला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटतो. ब्रेक हलका करणारा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून कणकुंबीहून खाली उतरण्याआधी घराजवळच्या सपाटीवर, संथ चालीत, ब्रेकचं पेडल किती कडक लागतं ते पाहून घ्यावं.